ताकायासु धमनीदाह : औषधोपचार केव्हा, शस्त्रक्रिया केव्हा?

शरीरातील मोठ्या धमन्यांच्या भिंतींना दीर्घकाळ दाह होऊन त्या हळूहळू जाड, अरुंद किंवा पूर्णपणे बंद होत जातात, अशा विकाराला ताकायासु धमनीदाह असे म्हणतात. हा विकार विरळा असला तरी भारतासह आशियातील देशांत तो तुलनेने अधिक आढळतो आणि प्रामुख्याने चाळिशीच्या आतील स्त्रियांना होतो. अँजिओग्राफीच्या चित्रात धमनी अरुंद झालेली दिसताच रुग्ण आणि कुटुंबीयांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो शस्त्रक्रियेचा. मात्र केवळ धमनी अरुंद झाली आहे एवढ्या कारणावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही. धमनीतील दाह शमला आहे किंवा नाही आणि रक्तपुरवठा घटल्यामुळे एखाद्या अवयवाला धोका निर्माण झाला आहे किंवा नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर उपचारांची दिशा ठरते.

विकाराची ओळख

जपानमधील कानाझावा येथील नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांमध्ये आढळलेल्या असाधारण बदलांचे वर्णन केले. असे बदल झालेल्या रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही, ही बाब त्याच सुमारास अन्य जपानी डॉक्टरांनी निदर्शनास आणली. मानेतील आणि हातांकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यामुळे असे घडते, हे पुढे स्पष्ट झाले. यामुळेच हा विकार 'नाडीहीन रोग' या नावानेही ओळखला जाऊ लागला.

हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या प्रमुख शाखा या विकारात बाधित होतात. रोगाच्या आरंभी बारीक ताप, थकवा, वजन घटणे, सांधेदुखी अशी लक्षणे दिसतात. ती अनेक आजारांत आढळत असल्यामुळे निदानास विलंब होतो. पुढे हात उंचावून काम करताना हात भरून येणे, चालताना पायांत गोळे येणे, चक्कर येणे, दृष्टी अंधुक होणे, दोन्ही हातांच्या रक्तदाबात फरक पडणे, अशी रक्तपुरवठा कमी झाल्याची लक्षणे प्रकट होतात.

दाह नेमका कशामुळे सुरू होतो, याचे निश्चित उत्तर वैद्यकशास्त्राला अद्याप मिळालेले नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच धमन्यांवर आघात करते, एवढे मात्र मान्य झाले आहे. भारतीय रुग्णांमध्ये क्षयरोगाशी असलेल्या संबंधाची चर्चा अनेक दशके होत आली असली तरी क्षयरोग हेच या विकाराचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

भारतीय रुग्णांतील वेगळेपण

भारतात हा विकार 'नॉन-स्पेसिफिक एओर्टोआर्टरायटिस' या नावानेही परिचित आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत या विकाराचा विस्तृत अभ्यास केला. १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण करणारे शल्यचिकित्सक हेच डॉ. सेन होत. त्यानंतर चंदिगड, नवी दिल्ली, तिरुवनंतपुरम, वेल्लोर आणि लखनौ येथील संस्थांनीही या संशोधनात भर घातली.

जपानी रुग्णांमध्ये महाधमनीची कमान आणि तिच्यापासून मान व हातांकडे जाणाऱ्या शाखा अधिक बाधित होतात. भारतीय रुग्णांमध्ये मात्र पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या बाधित होण्याचे प्रमाण मोठे आहे. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की शरीरात रक्तदाब वाढविणारी संप्रेरके स्रवू लागतात. त्यामुळे तरुण वयात तीव्र उच्च रक्तदाब हे भारतीय रुग्णांतील महत्त्वाचे लक्षण ठरते. हृदय निकामी होणे आणि पक्षाघात या गंभीर परिणामांमागे बहुधा हाच उच्च रक्तदाब असतो.

येथे एक धोका विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील तर दंडावर मोजलेला रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. रुग्णाचा रक्तदाब नियंत्रणात असल्याचा समज होतो आणि त्याच वेळी मेंदू व हृदय मात्र वाढलेल्या दाबाचा भार सोसत राहतात. यासाठी चारही अवयवांवर, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांवर रक्तदाब मोजणे आवश्यक ठरते. चारही ठिकाणच्या धमन्या बाधित असल्यास महाधमनीतील दाब कॅथेटरद्वारे थेट मोजावा लागतो.

नेहमीच्या धमनीविकारापेक्षा भिन्न

वाढत्या वयात चरबीचे थर साचून हृदयाच्या धमन्या अरुंद होतात आणि त्यावर अँजिओप्लास्टी किंवा बायपास केली जाते, हे सर्वपरिचित आहे. ताकायासु धमनीदाहालाही तोच न्याय लावण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु दोन्ही विकारांत मूलभूत फरक आहे.

चरबीच्या थरांमुळे होणारा अडथळा मुख्यतः धमनीच्या आतील बाजूस असतो. ताकायासु धमनीदाहात धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर सुजतात आणि कालांतराने तेथे कठीण तंतुमय ऊती तयार होते. दाह सुरू असलेल्या भिंतीला टाके घातल्यास किंवा तेथे स्टेन्ट बसविल्यास ती जागा पुन्हा अरुंद होण्याची, टाक्यांच्या जागी फुगवटा येण्याची किंवा रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रिया रक्ताला नवी वाट करून देते, परंतु रोग थांबवीत नाही.

उलटपक्षी, औषधांनाही मर्यादा आहेत. औषधे दाह शमवितात आणि नव्या धमन्या बाधित होण्यापासून रोखतात. सुजेमुळे आलेला अरुंदपणा काही रुग्णांत औषधांनी कमी होतो. परंतु एकदा तंतुमय ऊती तयार होऊन धमनी कायमची आकसली की ती औषधांनी पूर्ववत होत नाही. म्हणून औषधोपचार आणि शस्त्रक्रिया हे परस्परांना पर्याय नसून त्यांची कार्ये भिन्न आहेत. पहिल्याचा रोख रोगावर आहे, तर दुसऱ्याचा रोगाने मागे ठेवलेल्या अडथळ्यावर.

औषधोपचार

दाह सक्रिय असताना स्टेरॉइड हे प्रथम दिले जाणारे औषध होय. प्रौढ रुग्णांत प्रेडनिसोलोनची मात्रा सामान्यतः दिवसाला ४० ते ६० मिलिग्रॅमपासून सुरू करून क्रमाक्रमाने कमी केली जाते. मात्रा कमी करताना अनेक रुग्णांत रोग उलटतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग असे दुष्परिणाम संभवतात. म्हणून आरंभापासूनच मेथोट्रेक्झेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट यांसारखे प्रतिकारशक्ती नियंत्रित करणारे औषध जोडीला देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे.

या औषधांनी रोग आटोक्यात न आल्यास टीएनएफ या घटकाला रोखणारी किंवा टोसिलिझुमॅब यांसारखी जैविक औषधे वापरली जातात. टोसिलिझुमॅबची चाचणी जपानमध्ये ३६ रुग्णांवर घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग उलटण्यास विलंब होण्याकडे कल दिसला, तथापि मुख्य निकषावरील फरक संख्याशास्त्रीय कसोटीला थोडक्यात उतरला नाही. भारतासारख्या देशात जैविक औषधे देण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी करणे अत्यावश्यक आहे, कारण या औषधांमुळे तो उफाळून येऊ शकतो.

दाह शमल्याचे कसे ओळखावे?

शस्त्रक्रिया दाह शमल्यावर करावी, हे तत्त्व सोपे वाटते. व्यवहारात मात्र दाह शमल्याची खात्री करणे हाच या विकारातील सर्वांत कठीण भाग आहे. ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या सामान्य असूनही धमनीच्या भिंतीत दाह चालू असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ६० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा रोग बाह्यतः शांत मानला गेला होता, अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ४४ टक्के रुग्णांच्या धमनीच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दाह सक्रिय असल्याचे त्यात आढळले.

त्यामुळे एकाच चाचणीवर विसंबून न राहता लक्षणे, शारीरिक तपासणी, रक्तचाचण्या आणि प्रतिमाचित्रण यांचा एकत्रित विचार केला जातो. एमआर अँजिओग्राफी, सीटी अँजिओग्राफी आणि सोनोग्राफी यांतून भिंतीची जाडी समजते, तर पेट स्कॅनमधून दाहाची सक्रियता दिसू शकते. भारतीय संधिवाततज्ज्ञांनी 'आयटास २०१०' या नावाने एक गुणांकन पद्धती विकसित केली असून तिची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मागील तीन महिन्यांत नव्याने उद्भवलेल्या किंवा वाढलेल्या लक्षणांना या पद्धतीत गुण दिले जातात. नाहीशी झालेली नाडी हे जुने लक्षण आहे की नवे, हा भेद तिच्यामुळे ठळक होतो आणि उपचार ठरविताना नेमका तोच महत्त्वाचा असतो.

शस्त्रक्रियेची गरज केव्हा?

धमनी दीर्घकाळ अरुंद होत गेल्यास शरीर शेजारच्या लहान रक्तवाहिन्या रुंदावून रक्ताला पर्यायी मार्ग निर्माण करते. या नैसर्गिक व्यवस्थेमुळे मनगटाची नाडी न लागणाऱ्या अनेक रुग्णांचा हात सुरक्षित राहतो आणि दैनंदिन कामेही होतात. अशा हातावर केवळ नाडी परत यावी म्हणून शस्त्रक्रिया करण्यात लाभापेक्षा जोखीम अधिक असते.

पुढील परिस्थितींत मात्र शस्त्रक्रियेचा किंवा कॅथेटरद्वारे उपचारांचा विचार करावा लागतो :

- मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाल्याने अनेक औषधे देऊनही रक्तदाब नियंत्रणात न येणे किंवा मूत्रपिंडाचे कार्य खालावत जाणे.
- मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अतिशय अरुंद होऊन वारंवार भोवळ येणे, दृष्टी जाणे किंवा पक्षाघाताचे झटके येणे.
- महाधमनी अरुंद झाल्याने हृदयावर गंभीर ताण येणे.
- हृदयाच्या धमन्यांची मुखे बंद होऊन हृदयाचा रक्तपुरवठा घटणे.
- महाधमनीची झडप गळून रक्त मोठ्या प्रमाणात मागे फिरणे.
- महाधमनीचा फुगवटा धोकादायक आकाराचा होणे.
- हातापायाचा रक्तपुरवठा दैनंदिन कामे अशक्य होण्याइतका किंवा अवयव गमावण्याची वेळ येण्याइतका कमी होणे.

महाधमनीची भिंत उभी चिरली जाणे, फुगवटा फुटणे किंवा एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा अकस्मात तुटणे या तातडीच्या घटना होत. अशा वेळी दाह शमण्याची वाट पाहता येत नाही. स्टेरॉइडची मोठी मात्रा देऊन त्याच्या संरक्षणाखाली शस्त्रक्रिया केली जाते.

बलून, स्टेन्ट की बायपास?

हस्तक्षेप आवश्यक ठरल्यावर त्याच्या प्रकाराची निवड करावी लागते. बलून अँजिओप्लास्टीमध्ये जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन अरुंद भाग फुग्याच्या साहाय्याने रुंद केला जातो. रुग्णालयातील मुक्काम अल्प असतो आणि गरज भासल्यास ही प्रक्रिया पुन्हा करता येते. आखूड लांबीच्या अरुंद भागात तिचा उपयोग चांगला होतो. नवी दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांनी मूत्रपिंडाच्या धमन्या आणि महाधमनी यांवरील या उपचारांचे अनुभव १९९० च्या दशकात प्रसिद्ध केले. तंतुमय भिंत कठीण असल्याने फुग्यास अधिक दाब द्यावा लागतो. बलूनने पुरेसा परिणाम न साधल्यास किंवा भिंत चिरल्यास स्टेन्ट बसविला जातो.

अरुंद भाग लांब असेल किंवा धमनी पूर्णपणे बंद असेल तर बायपास शस्त्रक्रिया अधिक टिकाऊ ठरते. नवी नळी शक्यतो रोगमुक्त भागाला जोडणे हे तिचे मुख्य सूत्र होय. मानेतील धमनीच्या बायपाससाठी हृदयालगतच्या महाधमनीतून रक्त घेणे पसंत केले जाते, कारण हाताकडे जाणारी शेजारची धमनी पुढे स्वतःच बंद होऊ शकते. अनेक वर्षे अल्प रक्तपुरवठ्यावर चाललेल्या मेंदूकडे एकाएकी पूर्ण दाबाने रक्त गेल्यास रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत रक्तदाबावर काटेकोर लक्ष ठेवावे लागते. लहान मुलांत कृत्रिम नळी शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून शक्य असल्यास औषधे आणि बलून यांच्या आधारे शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली जाते.

आकडेवारी काय सांगते?

फ्रान्समधील ७९ रुग्णांवर झालेल्या १६६ प्रक्रियांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १०४ शस्त्रक्रियांपैकी ३७.५ टक्के आणि कॅथेटरद्वारे केलेल्या ६२ प्रक्रियांपैकी ५० टक्के प्रक्रियांनंतर गुंतागुंत उद्भवली. धमनी पुन्हा अरुंद होणे हा त्यातील प्रमुख प्रकार होता. प्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या रक्तात दाहाची चिन्हे होती, त्यांच्यात गुंतागुंतीची शक्यता अधिक असल्याचे या आढाव्यात दिसून आले.

जपानमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या १०६ रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २० वर्षांनंतर जिवंत राहण्याचे प्रमाण ७३.५ टक्के होते, तर जोडणीच्या जागी फुगवटा येण्याचे प्रमाण २० वर्षांत १३.८ टक्के होते. योग्य रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर दीर्घ आयुष्य लाभू शकते, तसेच उपद्रव अनेक वर्षांनीही उद्भवू शकतो, असे दोन्ही अर्थ या आकड्यांतून निघतात. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने आयुष्यभर नियमित तपासणी करून घेणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

या सर्व पाहण्या मर्यादित रुग्णसंख्येवर आधारित आहेत. अधिक गंभीर रुग्ण शस्त्रक्रियेकडे वळविले जात असल्याने दोन गटांची थेट तुलना करणेही उचित ठरत नाही.

आंतरराष्ट्रीय शिफारसी

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अद्ययावत केलेल्या शिफारशींनुसार नियोजित शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरद्वारे उपचार रोग स्थिरपणे शांत असतानाच करावेत. भिंत चिरणे किंवा अवयवाचा रक्तपुरवठा धोक्यात येणे अशा प्रसंगी मात्र रुग्णाला तत्काळ शल्यचिकित्सकांच्या पथकाकडे पाठवावे.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी आणि व्हॅस्क्युलायटिस फाउंडेशन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत. मूत्रपिंडाची धमनी अरुंद होऊन आलेल्या उच्च रक्तदाबातही प्रथम औषधोपचारांना प्राधान्य द्यावे, असे त्यांत सुचविले आहे. औषधांना दाद न देणारा रक्तदाब आणि खालावणारे मूत्रपिंडाचे कार्य हे त्याला अपवाद होत. उपचार चालू असताना रक्तपुरवठ्याची लक्षणे वाढल्यास शस्त्रक्रियेकडे वळण्यापूर्वी औषधोपचार अधिक तीव्र करावेत, असेही त्यांत म्हटले आहे. यांतील बहुतेक शिफारशी मर्यादित पुराव्यामुळे सशर्त आहेत. शस्त्रक्रियेचा प्रकार आणि वेळ संधिवाततज्ज्ञ व रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक यांनी एकत्रितपणे ठरवावी, या मुद्द्यावर मात्र ठाम भर देण्यात आला आहे.

गर्भधारणेचा विचार

रुग्णांमध्ये तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने उपचारांचा आराखडा ठरवितानाच गर्भधारणेच्या इच्छेची चर्चा होणे आवश्यक आहे. मेथोट्रेक्झेट, मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने ती पुरेशी आधी बंद करून पर्यायी औषध द्यावे लागते. रक्तदाबासाठी दिली जाणारी एसीई इन्हिबिटर गटातील औषधेही गर्भावस्थेत वर्ज्य आहेत. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील तर या गटातील औषधांनी मूत्रपिंडांचे कार्य बिघडू शकते, हेही लक्षात ठेवावे लागते. रोग शांत आणि रक्तदाब नियंत्रित असताना झालेली गर्भधारणा तुलनेने सुरक्षित असते. मूत्रपिंडाच्या धमनीवर उपचार करणे आवश्यकच असेल तर ते गर्भधारणेपूर्वी पूर्ण करणे इष्ट ठरते.

खर्चाचा प्रश्न

भारतात उपचारांच्या निवडीवर खर्चाचाही प्रभाव पडतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेअंतर्गत पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. तथापि ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण म्हणून वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी औषधे, रक्तचाचण्या आणि वेळोवेळी करावयाचे प्रतिमाचित्रण यांचा भार बहुतांशी कुटुंबावरच पडतो. परिणामी शस्त्रक्रियेसाठी साहाय्य मिळते, परंतु ती यशस्वी ठरण्यासाठी लागणारी औषधे खर्चाअभावी मध्येच बंद होण्याचा धोका राहतो. मेथोट्रेक्झेट आणि अझाथायोप्रिन ही औषधे जैविक औषधांच्या तुलनेत पुष्कळच स्वस्त आहेत. निर्णय घेण्यापूर्वी उपचारांचा दीर्घकालीन खर्च डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणे म्हणूनच हितावह ठरते.

निर्णय घेण्यापूर्वी

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या रुग्णाने काही प्रश्नांची उत्तरे जाणून घेणे उपयुक्त ठरते. दाह सध्या शमलेला आहे काय आणि तो कोणत्या तपासण्यांवरून ठरविला? चारही अवयवांचा रक्तदाब मोजला आहे काय? शस्त्रक्रिया न केल्यास कोणत्या अवयवाला, किती कालावधीत धोका संभवतो? औषधोपचार वाढवून काही महिने वाट पाहणे शक्य आहे काय? शस्त्रक्रियेनंतर कोणती औषधे, किती काळ घ्यावी लागतील? संधिवाततज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांचे मत घेतले आहे काय?

नाडी परत आली किंवा रक्तदाब उतरला की रोग बरा झाल्याचे समजून औषधे स्वतःहून बंद करणे हा या विकारातील मोठा धोका आहे. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते आणि दाह उलटल्यास नव्याने घातलेली नळी किंवा स्टेन्टही निकामी होऊ शकतो. शस्त्रक्रियेचे यश पुढील काळातील औषधोपचार आणि नियमित तपासणी यांवरही अवलंबून असते, ही बाब रुग्ण व कुटुंबीय यांनी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.